आनूप देशातील आमरी : उघड्यावरील लागवड आणि द्रव्यपरिचय

प्रस्तावना

ज्या द्रव्यांची ओळख आजही संदिग्ध मानली जाते, अशा द्रव्यांच्या यादीत रास्नेचा क्रम बराच वर लागतो. चरकसंहितेतील अग्र्यसंग्रहात वातहर द्रव्यांमध्ये रास्नेस श्रेष्ठ स्थान दिलेले आहे. महारास्नादि क्वाथ, रास्नासप्तक क्वाथ, रास्नादि गुग्गुळ हे कल्प वातव्याधीच्या चिकित्सेत नित्य वापरले जातात. असे असूनही ‘रास्ना’ या एकाच नावाने देशाच्या निरनिराळ्या भागांत तीन सर्वस्वी भिन्न वनस्पती विकल्या जातात. उत्तर व पश्चिम भारतात प्लुचिया लॅन्सिओलाटा या सूर्यफुलाच्या कुलातील क्षुपाची पाने, केरळात आल्पिनिया गलंगा म्हणजे कुलिंजनाचा कंद, तर बंगालात व्हंडा टेसेलाटा या आमरीची मुळे रास्ना म्हणून ग्राह्य धरली जातात. आयुर्वेदिक फार्माकोपियाने यांपैकी प्लुचियाच्या पानांस मान्यता दिली आहे. तथापि बाजारात मुळांच्या रूपाने येणाऱ्या ‘रास्ने’च्या पोत्यात आमरीची मुळे येणे अद्याप थांबलेले नाही.

यातील तिसरी वनस्पती, व्हंडा, कोकणपट्टीत व गोव्यात आंब्या-फणसाच्या खोडावर वाढताना आढळते. परंतु ती जिवंत अवस्थेत निरखून पाहिलेले वैद्य व औषधी दुकानदार थोडेच आहेत. ज्या द्रव्याची जिवंत ओळख नाही, त्याच्या सुक्या तुकड्यांची पारख आपण कोणत्या आधारावर करणार, हा प्रश्न आहे. उष्ण व दमट हवामानात आमरी उघड्यावर कशा वाढवाव्यात आणि त्या वाढवण्यातून द्रव्यपरीक्षेस कोणता लाभ होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. ही लागवड ओळख, अध्यापन व रक्षण यांसाठी आहे. काढ्याच्या भांड्यासाठी नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. त्याची कारणे पुढे ओघाने येतील.

वन्दा, बांडगूळ आणि आमर

व्हंडा हे प्रजातीचे शास्त्रीय नावच मुळी संस्कृत ‘वन्दा’ या शब्दावरून घेतलेले आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम जोन्स यांच्या लिखाणातून ते पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्रात गेले. परंतु संस्कृतात वन्दा, वन्दाक, वृक्षादनी, वृक्षरुहा हे शब्द झाडावर उगवणाऱ्या वनस्पतींस उद्देशून आलेले असून निघंटूंतील वन्दाक म्हणजे प्रायः आपले बांडगूळ होय. नावाच्या या साधर्म्यामुळे बांडगूळ आणि आमर एकच, असा समज दृढ झाला.

वस्तुतः दोहोंत मूलभूत भेद आहे. बांडगूळ आपली शोषक मुळे आश्रयवृक्षाच्या सालीतून आत घुसवते व त्याचा रस घेते. म्हणून ते परोपजीवी होय. आमर केवळ सालीस बिलगून बसते. तिची मुळे सालीच्या पृष्ठभागावरून फिरतात, आत शिरत नाहीत. पावसाचे पाणी, हवेतील बाष्प, सालीच्या खाचांत साचलेली धूळ व कुजलेला पालापाचोळा एवढ्यावर तिचे पोषण होते. अशा वनस्पतीस अपिवनस्पती म्हणतात. आंब्याची साफसफाई करताना बांडगुळासमवेत आमरीही कोयत्याने उतरवून टाकल्या जातात. वैद्याने आपल्या परिसरातील बागायतदारांस हा भेद समजावून दिला, तरी पुष्कळ झाडे वाचतील.

कोणती आमर कोणत्या देशाची?

द्रव्यसंग्रहाच्या विचारात आचार्यांनी जांगल, आनूप व साधारण असा देशभेद सांगितला आहे. आमरींच्या बाबतीत हा विचार अतिशय उपयोगी पडतो. च्यवनप्राशादि कल्पांत येणाऱ्या अष्टवर्गातील चार द्रव्ये आज आमर कुलातील मानली जातात. जीवक म्हणून मॅलॅक्सिस अक्युमिनाटा, ऋषभक म्हणून मॅलॅक्सिस मसिफेरा, ऋद्धी म्हणून हॅबेनेरिया इंटरमीडिया आणि वृद्धी म्हणून हॅबेनेरिया एजवर्थाय घेतली जाते. औषधासाठी येणारी ही द्रव्ये हिमालयाच्या थंड उतारांवरील असून त्या वनस्पती जमिनीत कंद धरून वाढतात. हिवाळ्यात त्यांचा वरचा भाग नाहीसा होतो व कंद थंडीत विश्रांती घेतो. कोकणच्या हवेत त्यांना ती थंडी मिळत नाही. सबब हिमालयातून आणलेली ही रोपे किनारपट्टीवर लावण्याचा खटाटोप व्यर्थ होय. या दुर्लभतेची जाणीव आपल्या पूर्वसूरींना होती. भावप्रकाशात जीवक-ऋषभकाऐवजी विदारीकंद आणि ऋद्धि-वृद्धीऐवजी वाराहीकंद हे प्रतिनिधी सांगितलेले आहेत, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी.

याउलट व्हंडा व तिच्यासारख्या वृक्षारूढ आमरी आनूप देशाच्याच आहेत. कोकण व गोव्याच्या किनारपट्टीवर वर्षाकाठी सुमारे २,५०० ते ३,५०० मि.मी. पाऊस पडतो व तो बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. किमान तापमान क्वचितच १५ अंशांखाली उतरते. काचगृहात अथवा हरितगृहात जी परिस्थिती खर्चाने निर्माण करावी लागते, ती येथे अंगणात उपलब्ध असते.

देहरचना समजून घेणे आवश्यक

आमरींची लागवड फसते ती बहुधा त्यांना इतर झाडांप्रमाणे मातीच्या कुंडीत लावल्यामुळे. त्यांच्या मुळाची रचना पाहिली की याचे कारण समजते. वृक्षारूढ आमरीच्या मुळावर मृत, पोकळ पेशींच्या अनेक थरांचे जाड, स्पंजासारखे आवरण असते. त्यास व्हेलामेन म्हणतात. कोरडे असताना ते रुपेरी-पांढरे दिसते. पाणी पडताच काही क्षणांत ते शोषून घेते व पारदर्शक होते, तेव्हा आतील हिरवी मध्यत्वचा दिसू लागते. पाऊस थांबला की ते पुन्हा वाळते. भिजणे आणि वाळणे हे चक्र अखंड चालू राहणे हेच या मुळाचे आरोग्य होय. मातीत हे चक्र थांबते, मुळास हवा मिळत नाही व ते कुजते.

दुसरी गोष्ट पानांची. व्हंडा, अकँपे यांसारख्या जाड पानांच्या आमरी आपली पर्णरंध्रे मुख्यत्वे रात्री उघडतात, त्या वेळी कर्बवायू साठवून ठेवतात आणि दिवसा रंध्रे मिटून प्रकाशाच्या साहाय्याने त्याचे अन्न बनवतात. त्यामुळे झाडाच्या सालीसारख्या कोरड्या जागीही त्या पाण्याची बचत करून उन्हाळा काढू शकतात. म्हणूनच लागवड करणाऱ्याने त्यांना सदैव ओले ठेवण्याचा आग्रह धरू नये.

लागवडीस योग्य जाती

१) व्हंडा टेसेलाटा : पूर्वीचे नाव व्हंडा रॉक्सबर्घाय. पट्ट्यासारखी, मध्यावर घडी पडलेली व टोकाशी तुटल्यासारखी दिसणारी पाने. फिकट पिवळसर-हिरव्या पाकळ्यांवर तपकिरी जाळी. ओठासारखी पाकळी जांभळट. फुले सुवासिक असून प्रामुख्याने उन्हाळ्यात येतात. बंगाली परंपरेतील रास्ना ती हीच.

२) अकँपे प्रीमॉर्सा : कोकणात विपुल. पाने अधिक जाड व ताठर. फुले लहान, पिवळी, तांबूस पट्ट्यांची, आखूड गुच्छात. अकँपेची मुळेही रास्ना म्हणून विकली जातात. व्हंडाच्या शेजारी ही लावल्यास दोहोंतील भेद नजरेत ठसतो.

३) रिंकोस्टायलिस रेट्यूसा : लांब, लोंबत्या, गुलाबी ठिपक्यांच्या तुऱ्याची. मे-जूनमध्ये फुलते. आसामात हिला राज्यपुष्पाचा मान आहे.

४) एरिडिस मॅक्युलोजा : सह्याद्रीतील सुवासिक, गुलाबी फुलांची आमर, बहर उन्हाळ्याच्या शेवटी व पावसाळ्याच्या आरंभी. ‘सीतेची वेणी’, ‘द्रौपदीची वेणी’ ही नावे गावागणिक यांपैकी कधी या, कधी त्या आमरीस दिली जातात. म्हणून नोंद करताना शास्त्रीय नावाचाच आधार घ्यावा.

५) डेंड्रोबियम बार्ब्याट्युलम : पावसाळ्यानंतर पाने गाळते आणि हिवाळ्याच्या उत्तरार्धात निष्पर्ण कांड्यांवर पांढरी फुले आणते. डेंड्रोबियम प्रजातीचा उल्लेख वैद्यांसाठी आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. डेंड्रोबियम मॅक्रिआय ही आमर काही भागांत जीवंती म्हणून विकली जाते. शास्त्रमान्य जीवंती मात्र लेप्टाडेनिया रेटिक्युलाटा ही रुईच्या गटातील वेल होय.

शोभेच्या रोपवाटिकांत मिळणाऱ्या, थायलंडकडून आलेल्या संकरित डेंड्रोबियम व व्हंडा या हवामानात उत्तम येतात. त्या बागेसाठी अवश्य लावाव्यात. परंतु त्यांचा औषधी द्रव्याशी काहीही संबंध जोडू नये. त्यांच्यावर कीटकनाशकांच्या फवारण्याही झालेल्या असतात.

लागवडीची पद्धती

रोप : रोपवाटिकेतून पावतीसह घ्यावे, किंवा ज्यांच्याकडे लागवडीची झाडे आहेत त्यांच्याकडून फुटवा मागून घ्यावा. वादळात मोडलेल्या अथवा स्वतःच्या मालकीच्या जागेत तोडाव्या लागलेल्या झाडावरील आमर वाचवून लावणे हे सत्कृत्यच होय. जंगलातील उभ्या झाडावरून आमर ओरबाडून आणू नये.

आश्रयवृक्ष : साल खरखरीत, टिकाऊ व खाचांची असावी. आंबा, फणस, चिकू ही झाडे चांगली. पेरू व निलगिरी यांची साल सोलून पडते, म्हणून ती टाळावीत. ज्या हापूस कलमांवर मोहोराच्या दिवसांत वारंवार रासायनिक फवारण्या होतात, त्यांवर आमर बांधू नये. तेथे परसातील रायवळ आंबा श्रेयस्कर.

दिशा : खोडाची पूर्व अथवा ईशान्य बाजू निवडावी. कोकणात पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो आणि उन्हाचा ताप दुपारनंतर पश्चिमेकडून. पूर्वेकडे बांधलेल्या रोपास सकाळचे कोवळे ऊन मिळते आणि दोन्ही त्रासांपासून रक्षण होते. उंची डोळ्यांच्या पातळीची असावी, म्हणजे रोजची पाहणी सुकर होते.

काळ : मे महिन्याचा उत्तरार्ध ते जूनचा आरंभ हा काळ सर्वोत्तम. या वेळी नव्या मुळांची टोके हिरवी होऊन वाढू लागतात व पुढील चार महिने पाऊस त्यांची काळजी घेतो. ऑक्टोबरनंतर बांधलेल्या रोपास मुळे धरण्यापूर्वीच कोरड्या ऋतूस तोंड द्यावे लागते.

बांधणी : मेलेली, पोकळ झालेली मुळे स्वच्छ कात्रीने काढून टाकावीत. रोपाचा बुडखा सालीस टेकवून जुन्या सुती कापडाच्या पट्टीने अथवा सुंभाने घट्ट बांधावा. रोप हलत राहिल्यास नव्या मुळांची टोके घासून मरतात. सुती पट्टी दोन पावसाळ्यांत कुजून गळते, तोवर मुळांनी खोड धरलेले असते. तार वापरू नये. शेंडा किंचित बाहेर झुकता ठेवावा, म्हणजे त्यात पाणी साचणार नाही. बुडख्याभोवती माती, शेण अथवा शेवाळाचा लगदा थापू नये. मोठे झाड नसेल तर नारळाचे सोडण उभे बांधून त्यावर, किंवा जाळीदार टोपलीत विटांचे तुकडे व लोणारी कोळसा घालून त्यात रोप बसवावे. सोडण पावसाळ्यात फार काळ ओले राहते व दोन-तीन वर्षांत कुजते, त्यामुळे ते वेळीच बदलावे.

ऋतूनुसार निगा

पावसाळ्यात पाणी देण्याचा प्रश्नच नसतो. या काळातील भय कुजण्याचे असते. म्हणून वळवाच्या पावसापूर्वी आश्रयवृक्षाच्या वरच्या दाट फांद्या थोड्या विरळ कराव्यात, जेणेकरून वारा खेळता राहील. पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरपासून, व्हंडा, अकँपे, एरिडिस व रिंकोस्टायलिस यांना हिवाळ्यात एक दिवसाआड व मार्चपासून रोज सकाळी पाणी द्यावे. मुळे रुपेरीची हिरवी होईपर्यंत फवारावे आणि थांबावे. हेच पाण्याचे माप होय. सायंकाळी पाणी दिल्यास ते पानांच्या बेचक्यांत रात्रभर राहते व कुजीस निमंत्रण मिळते.

पानझडी डेंड्रोबियमचा नियम वेगळा आहे. पाने पिवळी पडून गळू लागली की झाड मरते आहे असे समजून अधिक पाणी देण्याची चूक सर्रास केली जाते. तो त्याचा विश्रांतिकाल होय. या काळात आठवड्यातून एखादे वेळी हलका फवारा पुरेसा होतो. कांड्या सुरकुतल्या तरी घाबरू नये. फुले होऊन नवे कोंब दिसू लागले की पाणी वाढवावे.

किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. अशा पाण्यातील क्षार व्हेलामेनमध्ये साठून मुळांची टोके काळी पडतात. शक्य असल्यास पावसाचे साठवलेले पाणी वापरावे. ते नसेल तर आठवड्यातून एकदा तरी गोड्या पाण्याने मुळे धुवावीत.

खत अल्प प्रमाणात द्यावे. वाढीच्या काळात १९:१९:१९ हे विद्राव्य खत एक लिटर पाण्यास एक ग्रॅम या प्रमाणात दर पंधरा दिवसांनी, मुळे आधी साध्या पाण्याने भिजवून, फवारावे. प्रकाशाची पारख पानांवरून होते. पाने गर्द हिरवी व लुसलुशीत झाली की प्रकाश कमी आहे व फुले येणार नाहीत. पिवळट पडून करपली की ऊन जास्त आहे. फिकट, पोपटी हिरवा रंग योग्य समजावा.

रोग व किडी

शेंडा कूज : पावसाळ्यातील सर्वांत घातक व्याधी. मधले पान सहज ओढून निघते व बुडाशी काळे, दुर्गंधी असते. कुजलेला भाग निरोगी पेशींपर्यंत कापून टाकावा व रोप पावसापासून आडोशाला न्यावे. खाली सजीव मुळे असतील तर बाजूने नवा फुटवा येतो. सुपारीच्या बागेतील परिचयाचे बोर्डो मिश्रण डेंड्रोबियमवर वापरू नये. ताम्रयुक्त औषधांनी त्यास अपाय होतो.

गोगलगायी : रात्री येऊन मुळांची कोवळी टोके व कळ्या खातात. दिवेलागणीनंतर पाहणी करून हाताने वेचणे हाच उत्तम उपाय.

खवले कीड व पिठ्या ढेकूण : पानांच्या बेचक्यांत व मागील बाजूस आढळतात. जुन्या दाताच्या ब्रशने साबणाच्या सौम्य पाण्यात घासून काढावेत. त्यानंतर पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. मुंग्यांची रांग दिसली की ही कीड शोधावी, कारण तिच्या गोड स्रावासाठी मुंग्या तिचे रक्षण करतात.

अभिवृद्धीची मर्यादा

आमरीचे एक फळ हजारो बीजे धारण करते, परंतु बीज धुळीच्या कणाएवढे असून त्यात पुष्क म्हणजे अन्नसाठा नसतो. निसर्गात विशिष्ट बुरशीची साथ लाभली तरच ते रुजते. ही गोष्ट १८९९ मध्ये नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिली. १९२२ मध्ये अमेरिकेतील लुईस नुडसन यांनी साखर व क्षारयुक्त माध्यमावर बुरशीविना बीजे रुजवली आणि आजच्या प्रयोगशाळांतील रोपनिर्मितीचा पाया घातला. परंतु प्रयोगशाळेतून निघालेले रोपही फुलण्यास कित्येक वर्षे घेते.

घरच्या घरी अभिवृद्धी करावयाची तर व्हंडाचा उंच वाढलेला शेंडा किमान दोन-तीन सजीव मुळांसह कापून वेगळा लावता येतो व खालच्या बुंध्यास फुटवे येतात. डेंड्रोबियमच्या कांड्यांचे तीन-चारच्या गटांनी विभाजन करता येते. यापेक्षा जलद मार्ग नाही.

या संथपणाचा अर्थ औषधी व्यापाराच्या संदर्भात नीट समजून घ्यावा. व्हंडाचा औषधी भाग मूळ हाच आहे. अडुळशाची पाने तोडली तर झाड पुन्हा फुटते. व्हंडाची मुळे काढली तर झाड जागा सोडते व मरते. मूळ वाळवल्यावर त्यातील पाण्याचा मोठा अंश जाऊन वजन अगदी थोडे उरते. ज्याने एक रोप बांधून त्याची चार मुळे खोडावर फिरण्याची दोन वर्षे वाट पाहिली आहे, त्याला किलोच्या भावाने येणाऱ्या पोत्यामागे किती झाडे गेली असतील याचा हिशेब सांगावा लागत नाही. तो माल शेतातून येणे संभवत नाही, तो जंगलातूनच आलेला असतो.

औषधालयात होणारा उपयोग

घरच्या व्हंडाचे गळून पडलेले अथवा छाटणीत निघालेले मूळ सावलीत वाळवून, नाव व दिनांकाची चिठ्ठी लावून काचेच्या बाटलीत ठेवावे. जवळच अकँपेचे मूळ, कुलिंजनाचा तुकडा आणि खात्रीच्या ठिकाणाहून घेतलेली प्लुचियाची पाने व मूळ ठेवावे. हा संच प्रत्येक औषधालयात असावा. आलेल्या मालाची तुलना पुढीलप्रमाणे करावी.

१) आमरीचे सुके मूळ करड्या-पांढऱ्या रंगाचे, सुरकुतलेले व लवचीक असते. ते पाण्यात भिजवले की बाहेरील स्पंजासारखा थर फुगतो व नखाने ओढल्यास मोज्याप्रमाणे निघून येतो. आत तारेसारखा चिवट रंभ उरतो. ही खूण प्लुचियाच्या अथवा कुलिंजनाच्या तुकड्यात आढळत नाही.

२) प्लुचियाचे मूळ काष्ठमय असून आडव्या छेदात साल व लाकूड यांचे स्पष्ट भाग दिसतात. पाने लांबट, देठरहित, चामड्यासारखी व बारीक लवयुक्त असतात.

३) कुलिंजनाचा कंद तांबूस-तपकिरी, कड्यांच्या खुणा असलेला व मोडताच तीव्र सुगंध देणारा असतो.

ही परीक्षा भिंगाशिवायही करता येते. तथापि व्हंडा व अकँपे यांची सुकी मुळे केवळ डोळ्यांनी वेगळी ओळखणे दुष्कर असते, हेही तितकेच खरे. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली छेद पाहावा लागतो व तुलनेस खात्रीचा नमुना लागतो. तो नमुना बाजारातून मिळत नाही. फूल पाहून जात निश्चित केलेल्या जिवंत झाडापासूनच मिळतो. घरच्या लागवडीचे औषधालयास असलेले मोल ते हेच.

औषधालयाच्या मालकांनी खरेदीपत्रकात केवळ ‘रास्ना’ किंवा ‘जीवंती’ असे न लिहिता शास्त्रीय नाव व उपयुक्त अंग लिहावे. ‘रास्ना, प्लुचिया लॅन्सिओलाटा, पत्र’ एवढा मजकूर लिहिला की पुरवठादारास पोत्यात दुसरे काही पाठवण्यास सबब उरत नाही आणि चुकीचा माल परत करण्यास आपल्याकडे आधार राहतो. मुळांचे पोते आले तर भिजवून पाहण्याची परीक्षा पावतीवर सही करण्यापूर्वी करावी.

कायद्याची बाजू

आमर कुलातील वनस्पती साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत समाविष्ट असून त्यांच्या सीमापार व्यापारावर निर्बंध आहेत. २०२२ मध्ये वन्यजीव संरक्षण अधिनियमात झालेल्या दुरुस्तीने या कराराच्या तरतुदी देशातील कायद्यात आणल्या. राखीव वनातून वनोपज काढण्यास १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार परवानगी लागते. जैविक विविधता अधिनियम, २००२ यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने लागवडीच्या औषधी वनस्पतींना काही सवलती दिल्या आहेत. मात्र माल लागवडीचाच आहे हे दाखवता आले पाहिजे. यास्तव रोपाची पावती, लागवडीचा दिनांक व छायाचित्र यांची नोंदवही ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

उपसंहार

प्रत्येक वैद्याने अष्टवर्ग पिकवावा, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. देशविचार तसे सांगतही नाही. परंतु आनूप देशात राहणाऱ्या वैद्यास आपल्या दारच्या आंब्यावर एक व्हंडा व एक अकँपे बांधणे सहज शक्य आहे. खर्च नगण्य, जागा शून्य आणि श्रम सकाळच्या पाच मिनिटांचे. विद्यालयांच्या वनौषधी उद्यानांत तुळस-अडुळशाच्या वाफ्यांबरोबर एखाद्या जुन्या झाडाचे खोड आमरींसाठी राखून ठेवल्यास विद्यार्थ्यांना संदिग्ध द्रव्याचा पाठ पुस्तकाबाहेर मिळेल.

येत्या ज्येष्ठात पहिला पाऊस पडण्यापूर्वी ही दोन रोपे बांधावीत. पुढच्या उन्हाळ्यात एखादे फूल आले तर जात निश्चित करून घ्यावी, न आले तर आणखी एक वर्ष वाट पाहावी. आणि मधल्या काळात ‘रास्ना’ म्हणून मुळांचे पोते दारी आले, तर त्यातील एक तुकडा वाटीभर पाण्यात टाकून, वरचे आवरण निघते का ते पाहून, मगच ते उतरवून घ्यायचे की परत पाठवायचे ते ठरवावे.